शपथेवाचून दिलेली साक्ष

मार्थामावशी, तू सोमवारी सकाळी गेलीस. रिसोडच्या घराला लागून असलेल्या आपल्या चक्कीत, मोटार चालू असताना. दळण घेऊन आलेली बाई दाराजवळच्या बाकावर बसली होती. चक्कीचा आवाज बदलला म्हणून तिने आत पाहिले. दगड रिकामे फिरत होते आणि तू खाली पडली होतीस. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असे कारण दिले. मंगळवारी दुपारी तुला मातीत ठेवले.

मंगळवारीच संध्याकाळी बसस्थानकासमोर तुझा फ्लेक्स लागला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये तुझा फोटो, त्याखाली ‘सत्यवचनी भगिनी मार्थाबाई’. फोटो आपल्या चर्चच्या मंडळीच्या नाताळातल्या फोटोतून कापून घेतलेला आहे. तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात राहून गेला आहे. तो हात तुझ्या मैत्रिणीचा, एस्तेरबाईंचा आहे, हे मला माहीत आहे. तळाला शमुवेलरावांचा फोटो आहे, हात जोडलेला. तो तुझ्या फोटोपेक्षा मोठा आहे.

बातमीदारीत इतकी वर्षे गेली की असे फ्लेक्स मला दिसेनासे झाले आहेत. हा दिसला. ‘सत्यवचनी’ हा शब्द वाचला. समोरच्या टपरीवर जाऊन चूळ भरली.

तुला माहीत असलेलेच तुला पुन्हा सांगणार आहे. कारण गेल्या आठवड्यापासून ते दुसऱ्या पद्धतीने सांगितले जाऊ लागले आहे, आणि दुरुस्ती करायला तू नाहीस.

जऊळक्याला मंडळीतल्या एका घरी प्रार्थनासभा होती. रिसोडहून जीप गेली. जीप शमुवेलरावांची. ते मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल ज्यांचा शब्द चालतो ते. चालवायला त्यांचा पगारी ड्रायव्हर विजय राठोड, मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरचा. सभा आटोपून परत निघताना शमुवेलरावांचा मुलगा दानीएल विजयला म्हणाला, “सरक बे, मले दे.” दानीएलकडे लायसन नव्हते. विजय मागे, शमुवेलराव आणि इतरांजवळ जाऊन बसला. पुढे स्टिअरिंगवर दानीएल, मधे एस्तेरबाई, खिडकीशी तू. दिवेलागणीच्या सुमाराला, रस्त्याच्या कडेने डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन जाणाऱ्या कौशल्याबाईंना जीपने उडवले. त्या जागीच गेल्या.

पोलीस येण्याआधी शमुवेलरावांनी विजयला बाजूला घेतले. तूच चालवत होतास असे सांग, बाकीचे मी पाहतो, असे ते म्हणाले. विजयने नकार दिला. मग विजयच चालवत होता, याला जीपमधल्या बाकीच्यांनी होकार दिला. एस्तेरबाईंनी आपला डोळा लागला होता असे सांगितले. तू बोलायला पुढे झालीस तेव्हा “मावशीले घेरी आली, पानी द्या कोनी,” असे म्हणत तुला कुणीतरी रस्त्याच्या पलीकडे नेऊन बसवले. तुला घेरी आली नव्हती. तुझा जबाब घेतला गेला नाही.

इथपर्यंतचे मी पाहिलेले नाही. तुझ्याकडून आणि विजयकडून स्वतंत्रपणे ऐकले आहे, आणि दोघांचे जुळते. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवायची सवय मला वर्तमानपत्राने लावली असे लोक समजतात. ती तुझ्या चक्कीत लागली. शाळेतून आल्यावर मी काहीही सांगायला लागले, अमक्याने असे केले, तमकी अशी म्हणाली, की तू पट्ट्याच्या आवाजावरून ओरडायचीस, “पाह्यलं का ऐकलं?” ऐकलेले असले तर म्हणायचीस, “मंग ‘ऐकलं’ म्हनून सांग. दोन्ही एका डब्यात टाकू नको.” दोन घरांचे दळण तू कधी एकमेकांत जाऊ दिले नाहीस. एकाचे झाले की झाकण काढून, खराट्याने दगडाच्या कडा झाडून, उरलेले मूठभर पीठ ज्याचे त्याच्या डब्यात. मागचे गिऱ्हाईक कितीही खोळंबले तरी.

आणि शपथेचे तुझे ते खूळ. खूळ म्हणते, कारण त्यावरचे आपले भांडण अजून मिटलेले नाही. चक्कीवर रोज कुणीतरी म्हणायचेच, “मावशी, आईची आन, मायं दयन कालच ठेवलं व्हतं.” तू मोटार बंद करायचीस. “आईले कायले मधात आनतं? ठेवलं व्हतं का नाई?” “ठेवलं व्हतं.” “मंग झालं न.” आणि मोटार चालू. लोक हसायचे. पोट्टे मुद्दाम येऊन म्हणायचे, “मावशी, देवाची आन, आज लय उकडून राह्यलं.” तू खराटा उगारायचीस. प्रभूने शपथ वाहू नका म्हटले, एवढेच तुझे म्हणणे. देवाची नको, आईची नको, स्वतःच्या डोक्याची नको. हो तर हो. नाही तर नाही.

अपघातानंतरचा रविवार. मी सुट्टीवर आले होते आणि मागच्या बाकावर होते, म्हणून हे पाहिलेले आहे.

आपल्या मंडळीत संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, आधी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने उभे राहायचे आणि आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायचे. ताप उतरला, म्हैस सापडली, मुलाला नोकरी लागली. लोक ‘आमेन’ म्हणतात. त्याला साक्ष म्हणतात. तू जन्मात कधी साक्षीला उभी राहिली नव्हतीस. कुणी आग्रह केला तर म्हणायचीस, “चक्की चालू हाये, हे का कमी हाय?”

त्या रविवारी पहिले शमुवेलराव उभे राहिले. “प्रभूनं आमच्या गाडीवर हात ठेवला. एकालेबी खरचटलं नाई. काचसुदिक फुटली नाई.” आमेन. मग आणखी दोघे उभे राहिले. तेच, थोड्या फरकाने. मग दानीएल. त्याने डोळे मिटून सांगितले की त्या क्षणी त्याला कुणीतरी धरून ठेवल्यासारखे वाटले. आमेन. मी ऐकत होते आणि एका नावाची वाट पाहत होते. चार जणांच्या साक्षीत कौशल्याबाईंचे नाव आले नाही. बाई मेली हेही आले नाही. ज्या गोष्टीतून प्रभूने वाचवले ती गोष्ट काय होती, हे परक्या माणसाला तिथे कळले नसते. एका मेलेल्या बाईवरून गाडी सुखरूप पुढे गेली याबद्दल देवाचे आभार मानले जात होते, आणि माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती.

तू उभी राहिलीस. “मलेबी साक्ष द्याची हाय.”

पाळकसाहेबांना आनंद झाला. “द्या, द्या, मार्थाबाई. पहिल्यांदाच.”

“कौशल्याबाई मेली,” तू म्हणालीस. “जऊळक्याच्या रस्त्यावर. तिच्या डोक्यावर कडब्याचा भारा व्हता. गाडी दानीएल चालवत व्हता. मी पाह्यलं.”

कुणी आमेन म्हणाले नाही.

“मार्थाबाई,” पाळकसाहेब हळू म्हणाले, “ही साक्ष नव्हे. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, ते सांगायचं.”

“प्रभूनं मले डोये देले,” तू म्हणालीस. “त्याइनं काय पाह्यलं ते सांगून राह्यली.”

शमुवेलराव बसल्याजागेवरून बोलले, “बाहेरच्या मानसासाठी मंडळीचं नाव काहून खराब करता?”

“कोन बाहेरचा? इजय? त्याच्या गाडीत बसून तं घरी येतो आपन.”

“आपण गीत घेऊ,” पाळकसाहेब म्हणाले. गीत उभे राहून गातात. सगळी मंडळी उभी राहिली, आणि तुझे उभे राहणे त्यात दिसेनासे झाले. तू गायलीस की नाही, मला दिसले नाही.

यानंतरची दोन वर्षे ज्याला ते लोक प्रीतीचे वागणे म्हणतात, तसे ते वागले. कुणी आवाज चढवला नाही. शमुवेलराव स्वतः चक्कीवर आले, खुर्ची नको म्हणाले, पिठाच्या पोत्याला टेकून उभे राहिले. “क्षमा कराले शिका, मार्थाबाई. सत्तर वेळा सात. पोराचं लगन जमलं हाय.”

तू हात पुसलेस. “क्षमा कौशल्याबाईच्या पोट्ट्याइनं कराची. मी कोन व्हय क्षमा करनारी? मले थोडी उडवलं त्यानं.”

“तुमी हट्टाले पेटल्या.”

“मी कुठं पेटली? तुमी इचारलं तं सांगतलं. पुन्हा इचारा, पुन्हा तेच सांगन.”

मग मंडळीतल्या बायकांचे दळण बंद झाले. बोलून नव्हे. डबे फक्त यायचे थांबले. ज्या बायका तीस पावलांवरून डोक्यावर डबा घेऊन यायच्या, त्या बाजार ओलांडून दुसऱ्या चक्कीवर जाऊ लागल्या आणि वाटेत तुझ्या दाराशी “कशा हाय, मावशी? तब्येत बरी न?” असे विचारू लागल्या. नाताळ आला. अनारशाचे तांदूळ, करंजीचा रवा, वर्षानुवर्षे सगळी मंडळी तुझ्याकडेच आणायची. त्या वर्षी तुझ्या चक्कीवर गर्दी होती ती आजूबाजूच्या हिंदू घरांची, मुसलमान घरांची. आपल्यातली एकच बाई आली. एस्तेरबाई, मागल्या दाराने, पदराखाली डबा.

“मांगून काहून येतं व?” तू म्हणालीस. “पीठ का चोरीचं हाय?”

“कोनी पाह्यलं तं...”

“पाह्यलं तं सांगतीन. अन् तुवं तं काही खरं नाई, तुले झोप लागते.”

एस्तेरबाई हसल्या नाहीत. दळण होईपर्यंत त्या मागच्या खोलीत बसून राहिल्या. तू त्यांचे पीठ नेहमीसारखे झाडून दिलेस, मूठभर उरलेल्यासह. चाळीस वर्षांची मैत्रीण. तिच्यावर तू कधी चिडलीस असे मला दिसले नाही. मी चिडले होते. अजूनही चिडलेली आहे. डोळा लागला होता म्हणे. दानीएलच्या कोपराला जिचे कोपर लागत होते, ती बाई.

आता आपल्या भांडणाकडे येते.

विजयची आई शांताबाई आणि तिचा दीर चक्कीवर आले तेव्हा मी तिथे होते. तांड्यावर विजयशी कुणी धड बोलत नव्हते. बाई मारली आणि आता साहेबाच्या पोरावर ढकलतो, असे त्याच्याबद्दल म्हटले जात होते. त्याची ठरलेली सोयरीक मोडायला आली होती. तू खरे सांगितलेस हे तांड्यावर पोचले होते, पण उलटे होऊन.

“मावशी, तुमी माह्या पोराइषयी खरं बोलल्या, मले मालूम हाय,” शांताबाई म्हणाली. “पन लोक म्हंतात, ते त्याइच्यातली बाई, आपल्या पोरासाठी कायले बोलन? काही डाव असन. तुमी एकडाव पोहरादेवीले चला. देवीपुढं हात ठेवून म्हना, पोरगा चालवत नव्हता. मंग कोनाची तोंड उघडाची हिंमत नाई. पोरीवालेबी मानतीन.”

तू मोटार बंद केलीस. “बाई, मी तुह्या संगं कुठंबी येतो. चारचौघात सांगतो. पोहरादेवीच्या चौकात उभी राहून सांगतो. आन घेत नाई.”

“आमच्या देवीची नको तं तुमच्या देवाची घ्या.”

“त्याचीबी घेत नाई.”

दीर दारातच उभा होता. तो म्हणाला, “चाल व वैनी. खऱ्याले आनीचं काय भेव? खोटं हाय म्हनूनच घेत नाई.”

तू त्यांच्याकडे एकदा पाहिलेस आणि मोटार चालू केलीस. ते गेले. पंधरवड्यात सोयरीक मोडली.

ते गेल्यावर मी तुला काय काय बोलले, ते तुझ्या लक्षात असेल. एका निरपराध माणसाचे घर बसायचे थांबते आहे आणि तू एका शब्दावर अडून बसली आहेस, असे म्हणाले. हा धर्म नव्हे, धर्माचा तोरा आहे, असेही म्हणाले. तू पीठ झाडत राहिलीस. मग म्हणालीस, “पोरी, एकडाव आन घेतली का मांग आनीवाचून जेवढं बोलली तेवढं सगळं खोटं झालं. चक्की एकच हाय. आन घेतली म्हनून बारीक दयत नाई.”

“पण त्यांच्या लेखी न घेणं म्हणजेच खोटं, मावशी. त्यांची रीतच तशी आहे.”

“मालूम हाय मले.” तू खराटा ठेवलास. “म्हनून तं दुखते.”

यावर आपण पुन्हा बोललो नाही. मला आजही वाटते की तू गेली असतीस, देवीपुढे हात ठेवला असतास, तर तुझा देव समजून घेणारा होता. तुला वाटायचे की देव समजून घेईल हे आपल्याला कसे माहीत, आपल्याला त्याने सांगितले ते एवढेच. मी तुला पटवू शकले नाही. तू मला पटवण्याचा प्रयत्न केला नाहीस. ते भांडण तिथेच, पिठाच्या डब्यावर झाकण न ठेवता सोडल्यासारखे पडून आहे.

कोर्टात जीपमधल्या लोकांच्या साक्षी झाल्या. एकेक जण पिंजऱ्यात गेला. प्रत्येकाने देवाशपथ खरे सांगेन असे म्हटले आणि मग गाडी विजय चालवत होता असे सांगितले. एकाने शपथ घेताना आपण होऊन छातीवर हात ठेवला. ते कुणी मागितले नव्हते. मी समोर बसून लिहून घेत होते. बनावट साक्षी मी पुष्कळ ऐकल्या आहेत, त्या देणारे बहुधा खाली पाहतात. हे समोर पाहत होते. रविवारी साक्षीला उभे राहतात तसे.

मग विजयच्या वकिलाने तुला बोलावले. क्लार्कने शपथेचे वाक्य वाचून दाखवले. तू म्हणालीस, “मी शपथ नाई घेत.” वकिलाने डोक्याला हात लावला. सरकारी वकील हसले आणि उठले. “बाई, शपथ का नाही घेत? खोटं सांगायचं आहे म्हणून?”

“ज्याइनं घेतली त्याइले इचारा,” तू म्हणालीस.

मागच्या बाकांवर हशा झाला. न्यायाधीश हसले नाहीत. कायद्यात प्रतिज्ञेची सोय आहे, असे त्यांनी सांगितले. तू विचारलेस, “प्रतिज्ञा म्हंजे आन नाई न?” ते म्हणाले, नाही, खरे सांगेन असे स्वतः म्हणायचे, कुणाच्या नावाने नाही. “मंग ते तं मी रोजच म्हनतो,” तू म्हणालीस. क्लार्कने छापील कागदावरचा ‘शपथेवर’ हा शब्द खोडला आणि वर ‘प्रतिज्ञेवर’ लिहिले.

तू सांगितलेस ते रविवारी सांगितलेल्याहून एका शब्दाने वेगळे नव्हते. उलटतपासात विचारले, मधे बसलेल्या बाई झोपल्या होत्या ना? तू म्हणालीस, “डोये उघडे व्हते. त्या डोयाइच्या मांगचं तिले इचारा. मी तिच्या वतीनं नाई सांगत.” त्यावरून विजयच्या वकिलाने एस्तेरबाईंना बोलावण्याचा अर्ज केला. कोर्टाने समन्स काढले. त्यांची तारीख लागायच्या आत तू गेलीस.

दफनाच्या दिवशी मंडळी पांढऱ्या कपड्यांत आली होती. दोन वर्षे ज्यांनी तुझ्या दारावरून डबे नेले त्यांनी तुझी पेटी खांद्यावर घेतली. शमुवेलराव पुढून उजवीकडे होते. पाळकसाहेबांनी संदेश दिला. त्यातले एक वाक्य मी तिथेच लिहून घेतले, कारण नंतर माझा माझ्यावरच विश्वास बसला नसता. “आपल्या भगिनीनं शेवटपर्यंत चांगली साक्ष राखली.”

आपल्यात असे म्हणतात. ज्याचे जगणे नीट त्याची साक्ष चांगली. हाच शब्द, मावशी. त्या रविवारी जी साक्ष नव्हती, ती आता तू मुकी झाल्यावर चांगली साक्ष झाली होती. लोकांनी आमेन म्हटले. मग शमुवेलराव बोलायला उभे राहिले. “देवाले साक्षी ठेवून सांगतो, मार्थाबाई मले सख्ख्या बहिनीवानी व्हती.” तू असतीस तर मोटार बंद केली असतीस. देवाले कायले मधात आनता, व्हती का नाई तेवढं सांगा. माझ्या ओठांवर ते आले होते. तिथे तुझी पेटी होती, म्हणून गिळले.

मला ज्याची किळस आली ती खोटे बोलण्याची नाही. माणूस भितो, पोराला वाचवतो, खोटे बोलतो, हे मी रोज लिहिते. किळस त्याची की तुझी सगळी हयात त्यांनी उचलली आणि स्वतःच्या अंगावर पांघरली. जिवंतपणी तुझे खरे त्यांना नको होते. मेल्यावर त्यांना ते स्वतःच्या फ्लेक्सवर हवे आहे, स्वतःच्या फोटोच्या वर.

विजय आणि शांताबाई आवाराच्या बाहेर उभे होते. त्यांना कुणी अडवले नव्हते आणि कुणी आत बोलावलेही नव्हते. मी बाहेर जाऊन त्यांना आत घेऊन आले. विजयने इतरांसारखी मूठभर माती टाकली आणि लगेच मागे सरकला. शांताबाई माझा हात धरून उभी होती. तिने विचारले, “मावशीनं कोर्टातबी आन नाई घेतली व्हती, म्हंतात. खरं हाय का?”

मी हो म्हणाले.

ती मग म्हणाली, “लय चांगली बाई व्हती. पन पोहरादेवीले आली असती तं बरं झालं असतं.”

हे तुला कळवायचे होते. तुझ्या बाजूने बोलणाऱ्या एकमेव घरालाही तू पूर्ण पटलेली नाहीस. माझ्यासारखेच. तरी ती बाई बस बदलून तुला माती द्यायला आली होती, आणि फ्लेक्सवर तिचे नाव नाही.

चक्की बंद आहे. चावी माझ्याकडे आहे. आत गेले तर शेवटच्या बाईची ज्वारी तशीच, अर्धी वर अडकलेली, अर्धी पीठ होऊन खाली. मी झाकण काढून खराट्याने दगडाच्या कडा झाडल्या आणि उरलेले पीठ तिच्या डब्यात टाकून तिच्या घरी पोचवले. तुझ्याइतके स्वच्छ झाले नाही. तिने डबा घेतला आणि विचारले, “आता दयन कुठं न्यावं?”

तुझे उपकार मोजायला बसले तर ते एकाच प्रश्नात मावतात. पाह्यलं का ऐकलं. त्यावर माझी रोजीरोटी चालली. तुला हे सांगायचे राहिले. सांगितले असते तर तू म्हणाली असतीस, मंग तेवढं लिहित जाय, बाकीचं कायले.

म्हणून पुढचे पाहिलेले.

शुक्रवारी एस्तेरबाईंची तारीख होती. सकाळपासून त्या कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर होत्या. शमुवेलराव त्यांच्या शेजारी बसले होते आणि त्यांच्यासाठी चहा आणत होते. चहा तसाच गार झाला. दानीएल आला नव्हता. विजय भिंतीला टेकून उभा होता. दिवसभर दुसरी प्रकरणे चालली. एस्तेरबाईंचा पुकारा झाला तेव्हा कामकाज संपत आले होते.

त्या पिंजऱ्यात गेल्या. नाव सांगितले, वय सांगितले, पत्ता सांगितला. क्लार्कने शपथेचे वाक्य वाचून दाखवले आणि मागून म्हणा असे सांगितले. त्या म्हणाल्या नाहीत. क्लार्कने पुन्हा वाचले.

“मी शपथ नाई घेत,” एस्तेरबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता. न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावले. “शपथ नाई घेत. ते दुसरं असते न, मार्थानं घेतलं ते.”

शमुवेलराव उठून बाहेर गेले.

एस्तेरबाईंनी प्रतिज्ञा घेतली. वेळ संपल्याने त्यांची साक्ष पुढच्या तारखेवर ठेवली गेली. त्यांचे नाव, वय आणि पत्ता असलेला कागद प्रकरणाला लावलेला आहे. त्यावरचा ‘शपथेवर’ हा शब्द खोडलेला आहे.